मोठ्या बुटांची माणसं आली कुठून?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा कॉलेज रोडवर चहा पिताना एक पोरगा म्हणाला की अमेरिकेतले अंडरग्राउंड कॉमिक्स (मोठ्या प्रकाशकांना बाजूला ठेवून काढलेली बंडखोर चित्रकथांची पुस्तकं) म्हणजे जुन्या सगळ्याला लाथ मारून काढलेली चित्रं, आणि मला ते अजिबात पटलं नाही म्हणून हे पत्र. त्यातल्याच रॉबर्ट क्रम्ब या चित्रकाराचं १९६८ चं 'झॅप' हे कॉमिक काढून बघा, विषय एकदम बेधडक, वर्तमानपत्रात कुणी छापलेच नसते, पण माणसं बघा ना! भले मोठे बूट, रबरासारखे हातपाय, सावलीला बारीक रेघांची जाळी. हे बूट थेट सेगर या जुन्या व्यंगचित्रकाराच्या १९२९ मधल्या पॉपाय खलाशाकडून आलेत हो. आणि हार्वी कर्ट्झमन, ज्याने १९५२ ला 'मॅड' हे विनोदी कॉमिक सुरू केलं, त्या जुन्या माणसानेच पुढे 'हेल्प!' या आपल्या मासिकात क्रम्ब आणि त्याच्यासारखाच अंडरग्राउंडवाला गिल्बर्ट शेल्टन यांना छापलं, म्हणजे नुसता प्रभाव नाही तर हात धरून आणलं.

आपल्या पेपरात रविवारी अर्धं पान तरी जुन्या व्यंगचित्रांना द्या, खालच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढं नको. आमच्या घरी आईने जपलेले दिवाळी अंक आहेत, माझी पुतणी त्यातल्या रेषा गिरवत बसते, तासन् तास.

एक वाचक, नाशिक