इंग्रजी सराव चाचणीबाबत सूचना

जळगाव, धुळे व नंदुरबार येथील सदस्य प्राध्यापकांना कळविण्यात येते की, पदवीच्या विद्यार्थ्यांची बी-२, म्हणजेच उच्च-मध्यम पातळीची इंग्रजी सराव चाचणी येत्या रविवारी सकाळी ९ वाजता घेण्यात येईल. केंब्रिजच्या परीक्षेप्रमाणे वाचन व भाषावापरासाठी ७५, तर लेखनासाठी ८० मिनिटे राहतील. जोडीने द्यावयाची तोंडी परीक्षा १४ मिनिटांची असते आणि आपली मुले खरी अडतात ती तिथेच. कारण घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाचे व्याकरण पाठ असले, तरी जोडीदाराचे म्हणणे खोडायची वेळ आली की तो 'येस, येस' म्हणून गप्प बसतो. परीक्षकांनी 'डिस्कस अबाउट'सारखी चूक ('डिस्कस'पुढे 'अबाउट' लागत नाही) नोंदवावी, मात्र बोलणे मध्येच तोडू नये. श्रवणचाचणीचे स्पीकर शनिवारीच तपासावेत. मागच्या खेपेला पंख्याच्या घरघरीत निम्मे संभाषण विरून गेले होते.