वरच्या मजल्यावरून बोरीबंदर

गिरगाव, मुंबई
८ डिसेंबर

प्रिय दिग्या,

तुझं पत्र पोचलं. नाताळच्या सुट्टीत काकू आणि दोन्ही पोरांना घेऊन येतोयस हे वाचून घरात लगेच गाद्या उन्हात पडल्या. आता तुझा प्रश्न: एकच दिवस हातात आहे, तर टॅक्सी ठरवू की पर्यटकांची बस घेऊ? टॅक्सीचं नाव काढू नकोस. टॅक्सीतून मुंबई बघणं म्हणजे पुढच्या गाडीचा नंबर वाचत बसणं. बस घे, आणि डबल डेकरच घे. वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेजवळ जागा धरायची.

नीलांबरी तुला आठवत असेल, एमटीडीसीची, म्हणजे राज्य पर्यटन महामंडळाची, उघड्या टपाची बस. ती २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली. त्याच्या आदल्या महिन्यात बेस्टच्या जुन्या डबल डेकरही गेल्या. १९३७ पासून त्या रस्त्यावर होत्या. शेवटच्या दिवशी लोकांनी हारबीर घातले, फोटो काढले. यातले निम्मे एरवी ओला-उबरने फिरणारे, पण ते असो. आता त्यांच्या जागी विजेवरच्या एसी डबल डेकर आल्या आहेत. टप बंद आहे, वारा लागत नाही, त्यामुळे पोरं थोडी हिरमुसतील. पण उंची तीच आहे आणि मला त्या उंचीबद्दलच सांगायचंय.

तुम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने याल, म्हणजे सकाळी सीएसएमटीलाच, आपल्या जुन्या बोरीबंदरलाच उतराल. बाहेर पडल्यावर लगेच बसकडे धावू नका. आधी समोर आरामचा वडापाव खा, तोवर रस्ता ओलांडून मागे वळून बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्सने बांधलेली ही इमारत १८७८ ला सुरू झाली आणि पुरी व्हायला दहा वर्षं लागली. घुमटावर बाई उभी आहे ती प्रगती, फाटकावर सिंह आणि वाघ. हे सगळं कुठलाही गाईड सांगतो. मला सांगायचं आहे ते दर्शनी भिंतीवरच्या दगडी मुखवट्यांबद्दल. रेल्वे कंपनीच्या कर्त्या मंडळींचे चेहरे तिथे कोरलेत आणि त्यांत आपले नाना शंकरशेट आहेत. १८५३ ची पहिली गाडी धावली तेव्हा नाना होते, इमारत उभी राहायच्या आधीच, १८६५ साली गेले. रोज लाखो माणसं त्यांच्या नजरेखालून ८.४२ ची लोकल पकडायला पळतात. मीही नोकरीभर पळालो. मान वर करायला फुरसत कुणाला?

मग ११५ नंबरची डबल डेकर पकड. मार्ग अधूनमधून बदलतात, म्हणून स्टॉपवर एकदा विचारून घे. एसीचं किमान भाडं आता बारा रुपये आहे. बस दादाभाई नौरोजी रोडला लागली की पोरांना म्हणावं, गप्पा बंद. हा रस्ता म्हणजे जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेच्या तटाची जागा. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने तट पाडले आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर ही दगडी रांग उभी राहिली. १८९६ मध्ये सरकारने नियम केला की इथे बांधायचं तर तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा ओटा ठेवायचा. उन्हापावसात फार सोयीचं, पण त्यामुळे गंमत अशी झाली की पायी चालणारा कायम कमानीच्या पोटात असतो. त्याला दिसतात मोबाईलची कव्हरं, जुनी पुस्तकं, घड्याळाचे पट्टे. डोक्यावर केवढी नक्षी आहे, कुठल्या खांबाच्या माथ्यावर कोण बसलंय, याचा त्याला पत्ता नसतो. एका मजल्याने वर गेलास की कमानी खाली राहतात आणि सज्जे, कोनाडे, माथ्यावरचे मनोरे सगळे समोर येतात. फोर्टात उभा जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला हा रस्ता पहिल्यांदा नीट दिसला तो बसच्या वरच्या मजल्यावरून.

आणखी एक. मुंबईतली पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ ला धावली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. म्हणजे तुझी पोरं बसतील ती बस जवळपास त्याच भागातून जाणार. त्याआधी ट्राम होत्या, १८७४ पासून घोड्यांच्या, १९०७ पासून विजेच्या. ट्राम १९६४ च्या मार्च अखेरीला बंद झाली. काकूंना ट्राम आठवते का विचार. लहानपणी एकदा मामाकडे आल्या होत्या ना त्या?

हुतात्मा चौकात उतरायचंच. मी एकदा पर्यटकांच्या बसने संध्याकाळची फेरी मारली. कोणाची बस ते सोड. गाईड माईकवर फ्लोरा देवीबद्दल भरभरून बोलला, १८६४ चं कारंजं, विलायती दगड वगैरे. शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, त्यांच्यासाठी त्याच्याकडे अर्धं वाक्य होतं. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात गोळीबार झाला, संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या माणसांवर. ते सांगायला माईक लागत नाही, पण बस थांबायला लागते आणि त्या बसेस थांबत नाहीत. माझी मोठी तक्रार तीच. काकूंनी १ मे १९६० ला शाळेत साखर खाल्ल्याची गोष्ट मला कितीदा सांगितली असेल! ती त्यांना पोरांना इथे उभं राहून सांगू दे.

तिथून ओव्हल चालत जा, लांब नाही. मैदानाच्या एका अंगाला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळं १८७० च्या दशकातलं. शेअरबाजारातल्या प्रेमचंद रायचंद शेटने टॉवरला पैसे दिले, आईचं नाव ठेवायच्या अटीवर. दुसऱ्या अंगाला १९३० च्या दशकातल्या गोल कोपऱ्यांच्या, लांब आडव्या सज्ज्यांच्या बिल्डिंगी. त्या उभ्या आहेत ती जागा समुद्रात भराव टाकून मिळवलेली. टॉवर बांधला तेव्हा पलीकडे पाणी होतं. मधे क्रिकेट चालू असतं आणि दोन्ही बाजू मिळून २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. धाकट्याला बॅट आणायला सांग, कोणीही खेळायला घेतं.

गेटवेला दुपारी जाऊ नका, गर्दी आणि फोटोवाले डोकं उठवतील. काकूंचे गुडघे बघता म्युझियमही एका दिवसात नको. संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा एखादी डबल डेकर धरून मरीन ड्राइव्ह करा आणि मग सरळ आमच्याकडे जेवायला या. पिठलं-भात हवा की सुरमई, ते आधी कळव.

महालक्ष्मीचं तिकीट नाताळात मिळत नाही. आजच काढ.

तुझा,
नंदू

ता. क. एसी फार गार असतो. काकूंची शाल वरच्या पिशवीत ठेव, बॅगेच्या तळाशी नको.