बेळगावातल्या वडगावच्या घराबद्दल

ति. आई-बाबांना सा. न.

फोनवर बाबा "घेऊन टाक की, अजून काय बघूलालीस" म्हणतात आणि ठेवूनच देतात, म्हणून लिहून पाठवतेय.

घर मलाही आवडलंय. पुढचं जुनं घर एकदम दणकट आहे. खोट आहे ती मागच्या वाढवलेल्या खोलीत, म्हणजे जिथं तुमचा पलंग टाकायचा म्हणत होतो तीच. ओळखीच्या इंजिनियरना नेऊन दाखवलं. जुन्या-नव्या भिंतीच्या सांध्याला उभी फट आहे, वर बोट जातंय आणि खाली केसाएवढी, म्हणजे खोली मागच्या बाजूला कलतेय. तिकडची काळी माती, शहापूर-वडगावचा बासमती त्यातच पिकतो पण पायाला ती वाईट, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जुना पाया खोल आहे, मागचा उथळ, प्लिंथ बीम, म्हणजे पायावरची भिंती बांधून ठेवणारी काँक्रीटची पट्टी, नाही आणि मधे जॉइंट, म्हणजे हलायला मोकळी फट, न सोडता भिंत नुसती चिकटवलीय. मालक म्हणतो पुट्टी मारली की झालं. मारलीय की, तीन थर दिसतात एकावर एक! वर स्लॅबची सळी उघडी पडून गंजलीय आणि नेमकी तिथंच हजार लिटरची टाकी, नुसतं पाणीच एक टन.

बाबा, खाता उतारा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो घरपट्टीसाठी, बांधकामाची परवानगी वेगळी. ईसी, म्हणजे बोज्याचा दाखला, काढली तर घरावरचा कर्जाचा बोजा कळतो, खोली बेकायदा आहे हे त्यात येत नाही. मंजूर नकाशात ती खोलीच नाही, मागं सोडायची जागा सगळी खाल्लीय. बँकवाले तेवढा भाग धरणार नाहीत, म्हणजे कर्ज कमी आणि बाकीचं आपल्या खिशातनं. पाडायचं म्हटलं तर जुनी भिंत फोडून दार काढलंय, वर लिंटल, म्हणजे दारावरचा भार पेलणारी तुळई, आहे का नाही प्लास्टर काढल्याशिवाय कळणार नाही.

मी मालकाला सांगितलंय, खोली नाहीच असं धरून भाव सांगा आणि त्यातनं पाडायचा खर्च वजा करा. फटीवर काच चिकटवून एक पावसाळा बघू म्हटलं, काच फुटली तर भिंत हलतेय हे कळतं, तर म्हणे दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. थांबू दे.

तुम्हाला त्या खोलीत झोपवून मला रात्री झोप लागायची नाही. एफडी मोडू नका एवढ्यात. आई, हिंडलग्याकडं एक लहान घर आहे, स्वयंपाकघर अंधारं आहे जरा, पुढच्या रविवारी येतीस का बघायला?

तुमची,
ताई