मोजेरावांना ‘अहो’ म्हणणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या छातीवरच्या बिल्ल्यावर तुमचे नाव होते, परंतु तुम्हाला न विचारता ते येथे लिहिणे मला योग्य वाटत नाही. माझ्या मुलाने त्या दिवसापासून तुम्हाला ‘तिकीटवाला दादा’ केले आहे, तेव्हा मीही दादाच म्हणते. गेल्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या एका चित्रपटगृहात ‘द मपेट ख्रिसमस कॅरल’चा दुपारचा खेळ होता आणि दाराशी तिकिटे पाहायला तुम्ही उभे होतात.

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. घरात त्याची बडबड थांबत नाही, पण उंबऱ्याबाहेर, अनोळखी माणसासमोर, त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. बाहेरच्या जगाशी त्याचे जे काही बोलणे होते, ते मोजेरावांमार्फत होते. मोजेराव म्हणजे माझ्या बाबांच्या करड्या लोकरी मोज्याची बाहुली. आईने त्याला डोळे म्हणून जुन्या सदऱ्याची दोन बटणे लावली, एक पांढरे आणि एक तपकिरी. आजोबांच्या मांडीवर बसून मुलाने रामदास पाध्ये आणि अर्धवटरावांची जुगलबंदी पाहिली आणि त्याच दिवशी मोज्याचा ‘मोजेराव’ झाला.

याआधी एका बालनाट्याच्या दारात, इतर मुलांचे लक्ष विचलित होईल म्हणून, मोजेरावांना त्याच्या हातातून काढून टोपलीत ठेवायला लावले होते. आत तासभर माझा मुलगा उजवी मूठ मिटून, मनगट तसेच उभे धरून बसला होता. ते मनगट मी अजून विसरलेले नाही. ‘बाहुली सोडवा, म्हणजे आपोआप बोलेल,’ असे आम्हाला जाणत्या माणसांनी आणि नातेवाइकांनीही सांगितले आहे. त्यांतल्या एकानेही त्याच्याशी एक वाक्य बोलून पाहिले नव्हते.

त्यामुळे त्या दुपारी मी क्षमा मागण्याच्या तयारीनेच दाराशी आले होते. आमचे मराठी तुमच्या कानावर पडले असावे. तुम्ही उकिडवे बसलात, माझ्याकडे किंवा मुलाकडे न पाहता त्या दोन बटणांकडे पाहिलेत आणि विचारलेत, ‘‘अहो, आपलं नाव काय?’’ मोजेरावांनी नाव सांगितले. ‘‘मोजेराव, आपलं तिकीट दिसत नाही,’’ असे तुम्ही म्हणालात, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पण तुम्ही पावतीच्या कागदाचा तुकडा घेतलात, त्यावर बॉलपेनने देवनागरीत ‘मोजेराव, एफ ८’ असे लिहिलेत, रीतसर कोपरा फाडलात आणि उरलेला कागद मोजेरावांच्या तोंडात दिलात. आमच्या मागे रांग खोळंबली होती. तुम्ही घाई केली नाहीत.

तुम्ही नेमके काय केलेत, ते मला आत अंधारात बसल्यावर उमगले. मपेट या बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन मे १९९० मध्ये गेले आणि त्यांचे चिरंजीव ब्रायन यांनी १९९२ साली हा चित्रपट केला. त्यात मायकेल केन कंजूष स्क्रूज आहेत आणि त्यांचा कारकून बॉब क्रॅचिट आहे कर्मिट बेडूक. बाहुल्या चालवणारे कलावंत खाली उभे राहून हात वर धरून काम करत, त्यासाठी सेटच्या जमिनीत मोकळी जागा ठेवावी लागे आणि केन यांना अरुंद फळ्यांवरून चालावे लागे. तरीही पडद्यावर त्यांची नजर बाहुलीखालच्या हाताकडे गेलेली मला दिसली नाही. एखाद्या मातब्बर नटासमोर उभे राहावे तसे ते त्या बेडकासमोर उभे राहतात, आणि म्हणूनच आपल्यालाही बेडूक खरा वाटतो. तुम्हीही त्या दाराशी हेच केलेत, आणि तेही कोणताही कॅमेरा समोर नसताना.

पुढे बॉबच्या आजारी लहानग्या मुलाची, टायनी टिमची, कुबडी त्याच्या रिकाम्या जागेशी दिसते. त्या क्षणी भरल्या चित्रपटगृहात मोजेरावांचा आवाज आला, ‘‘तो कुठे गेला?’’ घराबाहेर, इतक्या माणसांमध्ये, आपणहून विचारलेला तो त्याचा पहिला प्रश्न होता. मी त्याला गप्प केले नाही. ‘‘येईल परत,’’ एवढेच मी म्हणाले, आणि टिम परत आला तेव्हा एफ आठवरून टाळ्या वाजल्या.

शिकण्यासाठी घरापासून इतक्या लांब आलेला, तासांच्या हिशेबावर राबणारा तरुण एका मोज्याला अहो-जाहो करतो, ही माणुसकी कोणत्या प्रशिक्षणातून येत नसावी. ती तुम्हाला ज्यांनी वाढवले त्यांच्याकडून आली असणार. त्यांनाही माझा नमस्कार कळवा. आम्ही बाहेर आलो तेव्हा दाराशी दुसरेच कोणी होते, म्हणून हे पत्र.

तो कागद मोजेरावांच्या आत, तळहाताशी ठेवलेला असतो आणि मोजा धुण्याआधी आठवणीने काढावा लागतो. शाई पुसट होत चालली आहे. ‘एफ ८’मधला आठ जेमतेम दिसत होता, तो मुलाने परवा पेन्सिलीने गिरवून ठेवला.

आपली नम्र,
मोजेरावांच्या शेजारच्या खुर्चीवरची आई