मंत्री महोदया, पोरगी पैशासाठी सांभाळत नाही

मा. मंत्री,
महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: प्रतिपालकांचे थकलेले अनुदान आणि त्यांची होणारी अवहेलना

महोदया,

सविनय नमस्कार. आपण कामात असाल, म्हणून थोडक्यात ओळख सांगते. मी नाशिकच्या सिडकोत राहते. विधवा आहे, वय 52, घरीच शिवणकाम करते. अकरा वर्षांची एक मुलगी फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तक न घेता ठरावीक मुदतीसाठी सांभाळायला, बालसंस्थेतून माझ्याकडे आली आहे. मी तिची प्रतिपालक. तिचं नाव लिहीत नाही, बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार मनाई आहे. कायदा आम्ही पाळतो.

गेल्या सोमवारी अनुदानाचं काय झालं ते विचारायला एका सरकारी कार्यालयात गेले. शाळेला सुट्टी, म्हणून पोरगीही बरोबर होती. टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "पैशासाठीच आणलीय ना हिला? मग जरा कळ काढा." परत येताना रिक्षात ती म्हणाली, "मावशी, माझे किती मिळतात तुला?"

आता हे तिला तुम्हीच सांगा. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलासाठी महिन्याला 4000 रुपये लिहिलेत, म्हणजे दिवसाला 133. त्यात दूध, डबा, वह्या, चपला, दाताचा डॉक्टर. राज्याच्या बालसंगोपन योजनेत तर 2250, म्हणजे दिवसाला 75. एवढ्यावर डोळा ठेवून कुणी अकरा वर्षांचं लेकरू घरी आणेल, असं त्या साहेबांना खरंच वाटतं? आणि हे आकडेही कागदावरच. "मूल सांभाळायला देण्याचा आदेश झाला की पुढच्या महिन्यापासून खात्यात," असं एका अधिकाऱ्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. आदेश झाला, दिवाळी झाली, वार्षिक परीक्षा झाली. माझ्या पासबुकात अजून ब्लाउज शिवल्याचेच पैसे जमा होतात.

2024 मध्ये नियम बदलले. 35 ते 60 वयाच्या एकट्या बाईलाही मूल सांभाळायला घेता येईल म्हणाले. बातमी ऐकली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. मग गृहचौकशी झाली. संडासाच्या कडीपासून बँकेच्या पुस्तकापर्यंत सगळं तपासलं. तपासावंच, मूल काही असंच कुणाच्या हातात द्यायचं नसतं. पण मूल घरात आलं आणि सगळे गायब! त्याच कायद्याचं कलम 44 म्हणतं, बालकल्याण समितीने अशा कुटुंबाची दर महिन्याला पाहणी करायची. आले असते तर चहा तरी केला असता.

पाहणीला आले असते तर दिसलं असतं की सुरुवातीला ही पोरगी पहाटे पाचला उठायची, अंथरुणाची घडी करायची आणि मग, साबण हातात धरून, बाथरूमच्या दाराशी उभी राहायची. संस्थेतल्यासारखी नंबर लागायची वाट बघत. घरात आम्ही दोघीच! "जा ना गं," म्हटलं तरी हलायची नाही, मी नाव पुकारलं की मग जायची. रात्री दचकून उठते ते अजून थांबलेलं नाही. समुपदेशकाचा म्हणून जो नंबर मिळाला तो लागत नाही.

मग आधार कुणाचा? खालच्या मजल्यावरच्या मामींचा. मला ताप आला तेव्हा डबा त्यांनी दिला, शाळेत त्यांनी सोडलं. बचत गटातल्या बायकांनी जुनी सायकल दिली. अंगणवाडीच्या ताईंनी, त्यांचं काम नसताना, आधारची दुरुस्ती करून दिली. शासनाच्या कागदावर प्रभागात बाल संरक्षण समिती असते म्हणे. आमच्या भागात विचारलं तर लोक माझ्याचकडे बघतात, "कसली समिती, काकू?" दुसरे प्रतिपालक शहरात कोण आहेत, महिन्यातून एकदा त्यांच्याबरोबर बसता येईल का, हेही विचारून झालं. उत्तर नाही. ज्यांच्या जिवावर हे चालतं त्या समाजसेविका कंत्राटी. त्यांचाच पगार वेळेवर होत नाही, त्या माझ्यासाठी कुठे भांडणार?

रागावू नका, पण आपल्या राज्यात बहीण लाडकी झाली, लेक लाडकी झाली. निवडणूक तोंडावर आली तेव्हा बहिणीचे 1500 कसे भराभर खात्यात पडले! तेव्हा सर्व्हर डाऊन नव्हता, सही बाकी नव्हती, साहेब रजेवर नव्हते. आई-बापांविना राहिलेल्या मुलांना मत नसतं, एवढाच काय तो फरक. इकडे सिंहस्थासाठी हजारो कोटींच्या गोष्टी रोज पेपरात वाचतो. रस्ते, पूल, घाट, सगळं होऊ दे, गोदामाई आमचीही आहे. पण त्या कोटींमधून एका चालू फोन नंबरचा खर्च निघत नाही? संस्था काढायची म्हटली की इमारत येते, टेंडर येतं, उद्घाटनाची फीत येते. एका बाईच्या वन बीएचकेत मूल वाढवण्यात कुणाला काय मिळणार?

माझं मागणं फार नाही. थकलेले पैसे द्या. मुलांसमोर पैशाचा विषय काढायचा नाही, असं लेखी परिपत्रक काढा आणि ते त्या टेबलावर चिकटवा. आदेशाची मुदत संपत आली आहे, नूतनीकरण जूनमध्ये शाळा उघडायच्या आत करा. नाहीतर पोरीला परत संस्थेत न्यायला गाडी मात्र वेळेवर येईल, याची मला खात्री आहे.

हे पत्र "योग्य त्या कार्यवाहीसाठी" पुन्हा त्याच कार्यालयात पाठवू नका. माझे आधीचे अर्ज तिथेच पडून आहेत.

आपली,
एक प्रतिपालक
सिडको, नाशिक