धाकट्यासाठी तुला पत्र

प्रिय बंड्या,

आम्ही सगळे ठीक. आईचे गुडघे तसेच.

धाकट्याचं सगळं उघडकीला आलंय. ऑनलाइन जुगार. साठवलेलं गेलं, वर उसनवारी. काका म्हणाले, "हाव सुटलीय, दुसरं काय!" मला पटलं नाही. तुलाही पटणार नाही, तू त्याला पोरवयापासून बघतोयस. हरला की पत्ते भिरकावायचा आणि डोळे पुसत "अजून एकच डाव" म्हणून हट्ट धरायचा, आठवतं?

उतावळेपणा सगळ्यांचा सारखा नसतो रे. व्हाइटसाइड आणि लायनम या संशोधकांनी २००१ मध्ये त्याचे चार पदर वेगळे केले: थराराची ओढ, मागचापुढचा विचार न करणं, काम तडीस न नेणं, आणि मन बिथरलं की आवर सुटणं. थराराची ओढ आपल्या धाकट्याला? उंच पाळणा बघूनच पोटात गोळा येतो त्याच्या! त्याचा पदर शेवटचा. खात्याच्या नोंदी मी बघितल्या. मोठ्या रकमा गेल्यात त्या वहिनीशी वाजलं त्या रात्री, साहेबांनी झापलं त्या रात्री.

"स्वभावाला औषध नाही" म्हणायचास तू. त्यावरून अबोला धरला होता आपण. मला ते आजही मान्य नाही. स्वभावाने धोका वाढतो, पण सगळेच तापट लोक जुगारी होतात का? त्या ॲपवर पुढचा डाव बोटाच्या टोकावर असतो आणि कधी लागेल याचा नेम नसतो. "एका आकड्याने हुकलं दादा," हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता, हरलेला असून! थोडक्यात हुकलं की आणखी खेळावंसं वाटतं, हे प्रयोगांतही दिसलंय. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जुगाराला व्यसनांच्या गटात घातलं. काकांना हे कोण समजावणार!

समुपदेशकाकडे जायला तो कसाबसा तयार झालाय, पण शरमेने खाली मान घालून बसतो. तू त्याच्याशी बोल. तुझं डोकंही असंच भडकतं, आणि त्या गेमच्या नादातून तू बाहेर आलास. राग आला की मोबाईल घरच्यांच्या हवाली करून चालायला जायचास ना, तेच त्याला सांग. माझं बोलणं त्याला मोठ्या भावाचा उपदेश वाटतो.

नवी नोकरी मानवली का? लेकीची परीक्षा कशी गेली? सविस्तर लिही.

फोन त्यालाच कर, माझ्याकडे नको. रात्री जेवणं झाल्यावर, तीच वेळ त्याला जड जाते.

तुझाच,
दादा