शाईचा डाग सापडला

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

चार महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालशील, घाल. इकडं सगळे ठीक, आईचे गुडघे जसेच्या तसे. पण आज अण्णांच्या खुर्चीची बैठक उघडली आणि तुला लिहिल्याशिवाय राहवेना.

रेक्झिनखाली मखमल, मखमलीखाली तो हिरवा कपडा, आणि त्यावर शाईचा डाग. डाव्या कोपऱ्यात! आपल्यात डावखुरा कोण होता रे? मार मात्र मी खाल्ला.

खरं दुखणं वेगळंच आहे. दर वेळी कुणीतरी जुनं न काढताच वर नवं चढवलंय. ही चौकटीच्या खाचेत बसणारी बैठक. चारी बाजूंनी कापडाच्या जाडीपुरती, दीड-दोन मिलिमीटर फट लागते. तीन थरांनंतर ती ठोकून बसवली, तिची पाचर झाली आणि मागच्या पायाचा सांधा उघडला. आता जुना सरस खरवडून फेविकॉल भरलाय आणि दोरीला पीळ देऊन चोवीस तास आवळून ठेवलंय. सांधा धरेल ना, हीच धाकधूक.

प्लाय २०१९ च्या पुरात फुगलेला, म्हणून नवा कापला, १२ मिलिमीटरचा. फोम त्याच्याच मापाचा घेतला. इतर खुर्च्यांना तो जरा मोठा कापतात, पण इथं तो खाचेत लोंबला की पुन्हा तेच. फक्त वरची कड तिरकी तासली. आणि हो, फोम '४० डेन्सिटी' (म्हणजे घनमीटरला ४० किलो) सांगून देतात तेव्हा काट्यावर ठेव. दीड फूट चौरस, दोन इंच जाड तुकडा सव्वाचारशे ग्रॅम भरायला हवा. साडेतीनशेच्या आत आला तर ३२ चा गळ्यात मारलाय. तुमच्या पुण्यात तर काटा खिशातच ठेव.

कापड चारी बाजूंनी चार इंच जास्त, म्हणजे अठरा इंची बैठकीला सव्वीस बाय सव्वीस. चोपन्न इंची पन्ह्यात दोन बैठका निघतात. पिना १० मिलिमीटरच्या, फक्त खालच्या अंगाला. कडेला एकही नाही. आधी समोर मधोमध एक, मग मागं, मग डावी-उजवी, आणि तिथून कोपऱ्यांकडं सरकायचं. एकाच बाजूनं सलग मारत गेलास की चौकडी नदीसारखी वळते. कोपऱ्याआधी दोन इंच थांबायचं. घडीतलं जास्तीचं कापड कापूनच टाकायचं, नाहीतर तिथंच जाडी वाढते.

रेक्झिनच घालणार असशील तर प्लायला पाच-सहा भोकं पाड. हवेला वाट नसली की बसताना भर पंगतीत नको तो आवाज येतो. तुझ्या लग्नात आला होता तो खुर्चीचा नव्हता, हे मी अजून म्हणतो.

बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, चिंगीला पेपर सोपे जावोत.

डागाचा तुकडा सोबत पाठवतोय. पुरावा आहे, धुऊ नकोस.

तुझा,
नाना